तोपोल-दोनचा पाव

अवकाशयानात आम्हाला हाक मारतात ती कमांडरच्या खुणेच्या नावानं. आमचा कमांडर रोदिओन मात्वेयेविच तोपोल-एक, म्हणून मी तोपोल-दोन. मोहीम फसल्यावर चौकशी समितीपुढे तो म्हणाला, "तोपोल-दोननं वेग चुकीचा सांगितला." माझं खरं नाव, आन्तोनिना ग्लेबोव्हना, तेसुद्धा घेतलं नाही मेल्यानं; एरवी तोन्या म्हणायचा.

खरं तर स्थानकाला यान जोडताना मी ओरडत होते, "वेग जास्त आहे, ब्रेक मारा!" आणि तो म्हणत होता, "गप्प बस तोन्या, माझा हात बसलाय." इंधन संपत आलं, आम्ही स्थानकाला न शिवताच परतलो. स्थानकावर प्रयोगासाठी नेलेली माझी गव्हाची रोपं पेटीतच वाळली. जमिनीवरचा रेडिओ तेव्हा टप्प्यात नव्हता, त्यामुळे ऐकणारं कुणी नाही. मला पुन्हा वर पाठवलं नाही. तो मात्र गेला.

आमच्याकडे आल्या माणसाचं स्वागत पाव-मिठानं करतात; स्थानकाच्या दारात आमचंही तसं व्हावं म्हणून पाव-मीठ आम्हीच खालून नेलं होतं. तो बोटभर पाव माझ्या खिशातून परत आला. मी तो बिस्किटांच्या डब्यात जपला. लेकरासारखा.

यंदा रोदिओन दुसऱ्या मोहिमेवरून यशस्वी होऊन आला. सभागृहात त्याची आई, अधिकारी, कॅमेरे. पाव-मीठ घेऊन पुढे जायला मलाच सांगितलं. जुनी सहकारी, फोटोत बरी दिसेल. भरतकामाच्या टॉवेलावर मी तो पाव ठेवला.

त्यानं ओळखला. हळूच म्हणाला, "तोन्या, वेड लागलंय का? लोक बघतायत."

"म्हणूनच आणलाय. घ्या ना, रोदिओन मात्वेयेविच."

आमच्यात पुढे केलेला पाव कुणी नाकारत नाही. युद्धातली उपासमार काढलेली त्याची आई तर मुळीच नाकारू देणार नव्हती. ती ओरडली, "रोद्या, पाव हातात धरून काय उभा राहिलास? खा!"

त्यानं चावला. कट्कन आवाज झाला. गालाला हात लावत तो कळवळला, "दगड आहे हा!"

"वेग जास्त झाला. जरा हळू चावा."

"कुठला रे हा पाव?" आईनं विचारलं.

मी त्याच्याकडे बघितलं. उत्तर त्याचं होतं. तो खाली बघून पुटपुटला, "मागच्या खेपेचा, आई. ही ब्रेक मारा म्हणत होती. मी ऐकलं नाही."

"तोपोल-एक, आवाज येत नाही. पुन्हा सांगा. आणि नावानिशी," मी म्हणाले.

माइक त्याच्या तोंडाजवळ आला. "आन्तोनिना ग्लेबोव्हना बरोबर होती," तो म्हणाला. "चूक माझी."

मग मी मीठ पुढे केलं.