वर्षभर अखंड

टाकीतला पंप सुरू झाला. शास्त्रीणबाईंनी पाण्यात हात घातला आणि तापकरी लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा पंपावर ठेवला. थरथर चांगली होती.

शास्त्रीणबाई हे नाव थोरल्या दिरांनी ठेवलेलं. कारखाना त्यांचा, पंप सगळे परदेशी जायचे, आणि मागच्या अंगाला ही एवढीशी चाचणीची खोली. गिऱ्हाईक सांगून गेलं होतं, पुढे खाऱ्या पाण्यात टिकणारे पंप लागतील. बाईंनी त्यासाठी पाणी आत शिरू न देणारं नवं रबरी सील घडवलं होतं. ते टिकतं हे दाखवायचं तर पंप वर्षभर अखंड चालायला हवा. थांबला की रबर गार होऊन आकसतं, मागची सगळी मेहनत मातीत.

दीर दारात आले. "मोटर दे गं. कारखान्यातल्या लाइनवरची जळाली, बोटीचा माल अडलाय."

"भाऊजी, थांबला तर—"

"दुभती गाय आधी बघायची."

"वासरू मेल्यावर गाय किती दिवस दूध देते, भाऊजी?"

दीर मनापासून हसले. "बोलण्यात तुला कोण हरवणार?" मोटर लाइनवर गेली.

पुन्हा पहिल्यापासून.

टाकीतला पंप सुरू झाला. पाण्यात हात. थरथर चांगली.

त्या वर्षी निर्यात कधी नव्हे एवढी झाली. रबरासाठी ठेवलेला पैसा परदेशातल्या प्रदर्शनाकडे वळला, चाचणीच्या खोलीत खोकी आली. "दादाचं मन मोडू नकोस," नवरा म्हणाला, "आपली चूलही त्याच मालावर पेटते." ते खोटं नव्हतं. मोटर गेली.

पुन्हा पहिल्यापासून.

सुरू झाला. हात. थरथर.

वर्ष भरतच आलं होतं. बाहेर लाइन बंद पडल्याचं बाईंना आवाजावरून कळलं. माणसं हात बांधून उभी, मोटर काढून न्यायला येणारे फिटरकाका खाली मान घालून. या खेपेला दारात कोणी आलं नाही. दिरांनाही मागायला तोंड नसावं. बाईंनी स्वतःच बटण दाबून पंप बंद केला आणि मोटरचे नट सोडायला घेतले.

माल वेळेवर गेला. तो शेवटचा. खाऱ्या पाण्याचे पंप गिऱ्हाइकाला दुसऱ्या देशात मिळाले होते.

लाइन थंडावली. फिटरकाकांनी मोटर स्वच्छ पुसून परत आणली, बसवली, आणि घरी गेले ते गेलेच. दीर खोक्यावर बसले.

"चालव आता. हवी तेवढी वर्षं चालव. मागायला कोणी यायचं नाही."

"तुम्ही उठा भाऊजी, खोकं ओलं आहे."

ते उठले नाहीत.

टाकीतला पंप सुरू झाला. बाईंनी पाण्यात हात घातला नाही.