म्हातारीची डावी बाजू

"डावीकडच्यांनी आत सरा! अजून आत. अहो सर, तुम्हीसुद्धा."

फोटोग्राफरचा घसा बसत आला होता. शाळेच्या पटांगणात बाकांवर मुलं ओळीने उभी होती, पुढे खुर्च्यांवर शिक्षक बसले होते आणि ऊन डोक्यावर आलं होतं. डावीकडे एवढी मोकळी जागा असताना हा माणूस सगळ्यांना उजवीकडे का रेटतोय, हे कुणालाच कळत नव्हतं.

कारण त्याच्या कॅमेऱ्यात होतं. त्याची लेन्स फार वर्षांपूर्वी एका लग्नात नवरदेवाच्या काकांचा धक्का लागून पडली होती. कडेचा टवका उडाला आणि तेव्हापासून फोटोच्या डाव्या बाजूला धुकं बसलं ते बसलंच. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. फोटोग्राफरने मात्र तिला टाकलं नाही. तो तिला म्हातारी म्हणायचा. "म्हातारी माणूस बरोबर ओळखते," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "फक्त तिच्या डाव्या बाजूला उभं राहायचं नाही. तिकडचं तिला दिसत नाही." बुरशी लागू नये म्हणून तिच्या खोक्यात छोटा दिवा जळत असायचा. "मी इथे काकडतेय आणि सवतीला शेगडी!" असं बायको येता-जाता ऐकवायची. स्टुडिओचा कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या लेकीने नवी लेन्स आणली, तेव्हा त्याने तिची तोंडभर तारीफ केली आणि ती कपाटात ठेवून दिली.

"अहो मावशी, तुम्हीपण या की!" मुख्याध्यापिकेला ऐनवेळी आठवण झाली. "या महिन्यात निवृत्त होताय ना?"

शाळेची झाडलोट करणाऱ्या मावशींनी हातातली बादली खाली ठेवली आणि ओले हात पुसत त्या जागा दिसली तिथे, डाव्या टोकाला येऊन उभ्या राहिल्या.

फोटोग्राफरने ते पाहिलं. पुन्हा सगळ्यांना हलवायचं म्हणजे पुन्हा तेवढंच ओरडणं आलं. गुडघे ठणकत होते. चालेल, तो मनाशी म्हणाला आणि त्याने बटण दाबलं.

संध्याकाळी लेकीने फोटो पडद्यावर मोठा केला.

"बाबा, या कोण?"

"मावशी आहेत शाळेतल्या."

"तोंड कुठेय त्यांचं?"

तो चष्मा लावून जवळ गेला. बाकी सगळे लख्ख आले होते. डाव्या टोकाला मात्र नुसती एक राखाडी सावली होती.

"कर ना काहीतरी. तुला येतं सगळं."

"नसलेलं तोंड मी कुठून आणू?" लेक म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. तो त्याला जास्त लागला.

छापलेल्या प्रती घेऊन तो शाळेत गेला, तेव्हा मुख्याध्यापिकेच्या ते लक्षातही आलं नाही. "छान आलाय हो फोटो!" असं म्हणून त्यांनी गठ्ठा ठेवून घेतला. तो व्हरांड्यातून बाहेर पडत असताना मावशींनी त्याला गाठलं. त्यांच्या हातात त्यांना मिळालेली प्रत होती.

"दादा, ही मीच ना?"

"हो."

"मी हलले असेन," त्या म्हणाल्या. "सवय नाही ना मला. तुमची मेहनत वाया घालवली."

हो म्हणून निघून जाता आलं असतं. तो दोन पायऱ्या उतरलाही, आणि परत फिरला.

"तुम्ही नाही हललात, मावशी. माझी काच फुटकी आहे. आणि तुम्ही कुठे उभ्या आहात ते मला दिसत होतं."

"असू दे की," एवढंच म्हणून त्या फरशी पुसायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने म्हातारीला कॅमेऱ्यावरून उतरवलं, पुसून खोक्यात ठेवलं आणि दिवा बंद केला. बायको दारात उभी राहून बघत होती. आज तिने टोमणा मारला नाही. ती पुढे आली आणि तिने दिवा पुन्हा लावला.

"राहू दे," ती म्हणाली. "थंडी आहे."

तो नवी लेन्स लावून शाळेत पोचला, तेव्हा सुट्टी लागली होती. मुलं नव्हती, शिक्षकही नव्हते. मावशी एकट्याच वर्ग धूत होत्या. त्याने एक खुर्ची पटांगणात आणून ठेवली.

"बसा."

"एकटीच?"

"एकटीच."

त्या खुर्चीच्या कडेवर, कुणी उठवेल अशा बेताने टेकल्या. "हातांचं काय करू?" त्यांनी विचारलं.

"काही नका करू. मांडीवर ठेवा."

पाण्याने पांढरी पडलेली बोटं त्यांनी मांडीवर एकमेकांत अडकवली. त्याने बटण दाबलं. फोटो पहिल्याच खेपेला स्वच्छ आला होता. डोळ्यांखालची सुरकुतीन् सुरकुती दिसत होती.

"झालं?" मावशी उठू लागल्या.

"नाही, अजून एक. बसा."

मग त्याने आणखी एक काढला, आणि आणखी एक. हळूहळू मावशींची पाठ मागे सरकली आणि खुर्चीला टेकली. त्यांनी डोळे मिटले. त्याने कॅमेरा खाली घेतला आणि अधूनमधून नुसतंच म्हणत राहिला, "बसा, मावशी. अजून व्हायचंय."