चांद्याची गव्हाण

मी एक जुनी होडी आहे. पण मित्रांनो, मला शोधायला खाडीवर जाऊ नका. मी कोलाडजवळच्या एका गोठ्यात राहते आणि माझ्या पोटात पेंढा भरलेला असतो. हे असं कसं झालं, याचं मलाच अजून नवल वाटतं.

मला घडवलं धरमतरच्या खाडीकाठी. माझा मालक जनू. मिठागरातलं मीठ माझ्यात भरायचं आणि खोल पाण्यात उभ्या गलबतापर्यंत पोचवायचं, हे आमचं काम. मोसम सुरू होण्याआधी जनू मला मोरी माशाचं तेल चोळायचा, आई बाळाला न्हाऊ घालण्याआधी चोळते ना, तसं अगदी सांध्यासांध्यांत. "माजी होरी म्हंजे नवरी!" असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

पुढे मीठ न्यायला ट्रक आले. मग मिठागरही बंद पडलं. मी बांधावर पालथी पडून राहिले. एक कोंबडी माझ्याखाली अंडी घालायची, तेवढीच काय ती सोबत.

जनूची पुतणी सगुणा कोलाडला दिलेली. तिला एक खोड होती. जे जनावर कुणाला नको, ते तिच्या अंगणात. लंगडी शेळी, आंधळी म्हैस, आटलेली गाय. शेजारची रंभा चिडवायची, "सगुणा, माझी सासूपण आणून सोडते गो! सांभाळशील?"

"आण की! पण तिला पेंढा चालतो का, ते विचार आधी," सगुणा म्हणायची.

जनावरं वाढली, गव्हाण पुरेना. तेव्हा जनूनं मला टेम्पोत घालून पाठवलं. जन्मात पहिल्यांदाच मी डांबरी रस्त्यावरून गेले!

गोठ्यात तेव्हा चांद्या नावाचा म्हातारा बैल नुकताच आला होता. धन्यानं पॉवर टिलर घेतला आणि याला हायवेवरच्या एका हॉटेलामागे सोडून दिलं. मानेवर जोखडाचा घट्टा. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा, काडी तोंडात घेत नसे. डॉक्टर म्हणाले होते, "खाल्लं तरच जगेल." जेवत नसलेल्या लेकराकडे आईनं बघावं, तशी सगुणा त्याच्याकडे बघत राहायची.

मला आत आणून पेंढा भरला आणि चांद्यानं मान वळवली. उठून आला, हुंगलं आणि मला चाटलं! पाण्याचा स्पर्श मला ठाऊक होता, पण ही जीभ म्हणजे ओली कानसच. चाटता चाटता त्यानं पेंढ्याचा एक घास घेतला. मग रोजचंच झालं. आधी मला चाटायचं, मग खायचं. मग बाकीची जनावरंही चाटू लागली. माझ्यात असं आहे तरी काय? विचार करून थकले, पण कळेना.

एकदा सगुणा औषधं आणायला रोह्याला गेली असताना जनू आला. माझ्या सुकलेल्या फळ्या बघून त्याचा जीव कळवळला. "नवरीची काय दशा झाली गो!" पुढच्या खेपेला तेलाचा डबा घेऊनच मुक्कामाला आला आणि सगुणा रानात गेलेली असताना मला आतून-बाहेरून चोळून काढलं. खरं सांगते मित्रांनो, मीही सुखावले. किती वर्षांनी अंग चमकत होतं!

संध्याकाळी चांद्या आला, फुरफुरला आणि मागे फिरला. भिंतीकडे तोंड करून बसला. दुसऱ्या दिवशी पाटीत पेंढा दिला, तोही त्यानं शिवला नाही. मग त्याला उठवेनासंच झालं.

"काका, हिला काय फासलंस?" सगुणानं माझा वास घेत विचारलं.

"मोरीचा तेल गो! होरीला लावतातच."

"होरी कुठं पाण्यात जायची हाय? ती आता गव्हाण हाय! ह्यो खाईत नाय, मरंल माझा बैल!"

जनूचं तोंड एवढंसं झालं. राख घेऊन तो मला घासायला बसला. घामानं सदरा पाठीला चिकटला. दमून तो चांद्याशेजारी टेकला, तोच चांद्यानं मान लांबवली आणि त्याची घामेजलेली पाठ चाटायला लागला.

"अगो सगुणा! ह्याला मीठ हवाय! मीठ!"

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं मी मीठ वाहिलं, ते सगळं गलबतात उतरलं असं समजत होते. थोडं माझ्यातच मुरून राहिलं होतं.

तेलाचा वास पुरता जाईपर्यंत सगुणा आणि जनू मला आळीपाळीनं घासत राहिले. मग मिठाचं पाणी शिंपडलं, जाडं मीठ फळ्यांवर चोळलं आणि मला ओढत चांद्याच्या तोंडाशी आणलं. चांद्यानं हुंगलं. एकदा चाटलं. पुन्हा चाटलं. मग पेंढ्याचा एक घास. दोन दिवसांनी त्यानं आधी मागचे पाय उचलले, मग पुढचे, आणि उभा राहिला. सगुणा त्याच्या गळ्यात पडून रडली. जनू मात्र मलाच थोपटत होता. "नवरी नाय गो," तो म्हणाला, "आता तू आजी झालीस."

मित्रांनो, जनूची माया खोटी नव्हती. पण कुणावर माया कराल, तेव्हा तेलाचा डबा उघडण्याआधी त्याला काय हवं ते जरा बघा. आणि कधी इकडे आलात, तर माझ्या झिजलेल्या फळ्या बघून हळहळू नका, रंग तर मुळीच लावू नका. जनावरांना मला चाटू द्या.