खोक्यातला दमा

नत्थूलाल पटल्यांच्या अंगणात त्या सकाळी एवढी माणसं जमली होती की गोंदियाकडच्या गोरेगावचा बाजार चुकून आमच्या गावात भरला असं वाटावं. मधोमध कुणी नवरदेव नव्हता की पुढारी नव्हता. एक जुनी गाडी उभी होती, मागचं दार उघडं, आणि आत काळ्या कापडानं मढवलेला लाकडी खोका. खोक्याला झेंडूचा हार, पुढे नारळ. गाडीत भजन लागलं होतं आणि खोका चक्क घरघरत होता.

"बुढाच होय!" बकारामनं दोन्ही हात जोडले. "चैतराम बुढ्याचा दमा म्या पंधरा वर्सं आयकला. असाच खरखर करे, अन् मंग सूंऽऽ करून दम सोडे."

बकाराम माझा विद्यार्थी. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. ध्वनीचा धडा त्याला दोनदा शिकवला, कारण तो सातवीत दोनदा बसला होता. त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही, माझ्या पेन्शनची लाज वाटली.

झालं होतं असं. नत्थूभाऊंनी ही गाडी गोंदियाच्या एका हौशी माणसाकडून घेतली. त्यानं मागे मोठा सबवुफर बसवला होता. सबवुफर म्हणजे गाण्यातला जाड, छातीत धडधडणारा आवाज काढणारा स्पीकर. नत्थूभाऊंना गाण्याची आवड नाही. त्यांचा नियम एकच: शुभ कामाला निघताना भजन लावायचं, एरवी गाडी मुकी. त्यांची मुलगी रुचि नर्सिंग शिकली आणि तिला नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी लागली. ती हजर व्हायला निघाली, नत्थूभाऊंनी भजन लावलं आणि मागून वारलेल्या बापाचा, चैतराम बुढ्याचा, दमा ऐकू आला. गाडी परत अंगणात. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघाले, पुन्हा भजन, पुन्हा दमा. नत्थूभाऊ एकटे खत आणायला गेले तर गाडी गप्प. आता यातून माणसानं काय समजावं? सगळ्या गावानं एकच समजलं: आजोबांना नातीचं जाणं पसंत नाही.

"नत्थूभाऊ," मी म्हणालो, "भजन न लावता तिला बसवून पाहा की."

"शुभ कामाले भजन न लावता कसा जाऊ, सर?" ते म्हणाले.

अशा वेळी जो येतो तो आलाच. मौनीबाबा. बारा वर्षांपासून त्यांचं मौन होतं, असं ते स्वतः दर दहा मिनिटांनी सांगत. आल्याबरोबर त्यांनी 'शुद्धी'साठी गाडीत एकट्यानं बसून दारं लावून घेतली, समोरच्या टीव्हीसारख्या पडद्यावर लाल कापड घातलं आणि बाहेर येऊन जे बोलायला लागले ते थांबेचनात.

"ये मामूली आत्मा नहीं है! वरच्या लोकातला आत्मा वरच्या सुरात बोलते, खालच्या लोकातला खालच्या सुरात. हा पाताळाचा सूर होय! आता पहा, भजन बंद. इंजन बंद. तरी म्या विचारलं की बोलते." त्यांनी एक हात झोळीत घालून दुसरा आभाळाकडे केला. "चैतरामजी! पोरगी नागपूरले जाऊ दे काय?"

खोका घरघरला. पुढचे छोटे स्पीकर अगदी शांत, नुसता मागचा खोका. बायांनी पदर तोंडाला लावले.

"पोरगी घरी राहू दे?"

शांतता.

"देखा! गाडी एक्केचाळीस दिवस माझ्या आश्रमात, अन् पोरगी एक वर्स उंबऱ्याच्या आत. नाही तं बुढा शांत होत नाही."

नत्थूभाऊंनी मान खाली घातली. रुचिला सोमवारी हजर व्हायचं होतं, नाही तर जागा दुसरीला. आणि आज शनिवार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ती मुलगी वेगळीच. तिनं नाक पुसलं, आत गेली आणि गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून आली.

"बाबूजी, आजोबाचा दमा दोन वर्सं म्याच सांभाळला. पेशंट माझा होय. म्या तपासते."

मौनीबाबा ओरडले, "आत्म्याले दुर्बीण लावते काय!"

"दुर्बीण नव्हे महाराज, आला." म्हणजे स्टेथोस्कोप. तिनं तो खोक्याला लावला, बोटांनी टकटक केलं. वर पोकळ आवाज, खाली ठस्स. मग तिनं बकारामला भजन लावायला सांगितलं. पुढून टाळ स्वच्छ, मागून घरघर. भजन बंद, घरघर बंद.

"घ्या. आजोबा भजन असलं की खोकलते, नसलं की नाही खोकलत. मंग आत्ता भजनाशिवाय कसे खोकलले?"

"ते माझ्या आज्ञेनं!" बाबा छाती काढून म्हणाले.

रुचिनं अंगणात पडलेलं बाबांचंच पत्रक उचललं. 'घरबसल्या समाधान, आजच फोन करा.' तिनं आपल्या मोबाइलवरून तो नंबर लावला.

आणि गाडी वाजली. चारी स्पीकरांतून पुंगीची नागीण धून निघाली, आणि सबवुफरनं तिला दम्याची साथ दिली. बाबांचा झोळीतला हात बाहेर येईना. रुचिनं पडद्यावरचं लाल कापड ओढलं. पडद्यावर नंबर झळकत होता.

"हा नंबर कोणाचा, बकाराम काका?"

"तुझाच तं होय!"

तिनं पडद्यावरचं हिरवं बटण दाबलं आणि आपल्या मोबाइलमध्ये गोड आवाजात म्हणाली, "हॅलो, चैतरामजी बोलून राहिले काय?" तेच वाक्य गाडीतून साऱ्या अंगणावर दणाणलं. अंगणभर अशी खसखस पिकली की झेंडूचा हार हलला. बाबांनी 'शुद्धी'च्या नावाखाली आपला फोन गाडीला जोडून ठेवला होता. झोळीतल्या झोळीत बोट दाबायचं की फोनमधली एक जाड, खालची घुमघुम वाजे. एवढा खालचा सूर छोट्या स्पीकरांना पेलत नाही, म्हणून तो फक्त खोक्यातूनच येई. पाताळ ते हेच.

मौनीबाबांचं मौन त्या क्षणी खरं सुरू झालं. बारा वर्षांत पहिल्यांदा. कुणी हाकलण्याआधीच ते फाटकाबाहेर होते.

"पण मंग आधीचा दमा?" नत्थूभाऊंचा जीव अजून टांगणीला. "बाबा तं आज आला. घरघर मंगळवारपासून होय."

रुचिनं खोक्यावरचं कापड बाजूला केलं. समोर, खालच्या बाजूला, एक गोल भोक होतं. असल्या खोक्यात ते हवा आतबाहेर व्हायला ठेवलेलं असतं. त्या भोकात जुन्या लुगड्याची चिंधी गच्च कोंबलेली. तिनं ती उपसली, आणि भोकातून सळसळत अंगणात धान सांडलं. सुवासिक चिन्नोर, निवडलेलं, एकेक दाणा मोत्याचा.

सगळे दुलारीबाईंकडे वळले. चैतरामच्या विधवा, नत्थूभाऊंच्या आई, सकाळपासून ओट्यावर बसून मजेत सुपारी कातरत होत्या.

"माय! हे बियाणं तू भरलं?"

"मंग काय करू? घरात उंदरं झाले. हा डबा रिकामाच पडून होता, खाली गोल भोक, आपल्या ढोलीवाणीच." ढोली म्हणजे आमच्याकडची धान साठवायची मोठी कणगी, तिला धान काढायला असंच भोक असतं. "भोकातून भरलं, चिंधी लावली. झालं."

मी तिथंच धडा घेतला, सवयीनं. स्पीकरचा आतला पडदा थरथरला की दाणे त्यावर उडतात, ती खरखर. कोंडलेली हवा चिंधीच्या फटीतून निसटते, ती सूंऽऽ. बकारामनं मान डोलावली. तिसऱ्यांदा तरी तो पास झाला.

"अन् माय, तू चार दिवस बोलली काऊन नाही?"

"मले वाटलं बुढा माझं बियाणं राखून राहिला." त्या जराशा लाजल्या. "बरं वाटत होतं."

कुणी हसलं नाही.

खोका रिकामा झाला, भजन लागलं, सबवुफर खणखणीत धडधडला. तरी नत्थूभाऊ चावी हातात घेऊन घुटमळत होते. "तरी पण माय... बा आज असता तं हो म्हणला असता काय?"

दुलारीबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"नत्थू, बुढा जिता होता तेव्हा कोणत्या गोष्टीत तू त्याले विचारलं? गाय विकली, वावर अधिया-बटईनं, अर्ध्या वाट्यानं, दिलं, कधी विचारलं नाही. आता डब्याले विचारून राहिला! पोरीले विचार. ते बोलते, तिच्या तोंडातून, सरळ."

नत्थूभाऊंनी चावी खिशात टाकली. मग रुचिकडे वळले. मुलीला त्यांनी प्रश्न विचारलेला मी तरी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"जायाचं हाये काय तुले?"

"हो, बाबूजी."

वाचकहो, घरघर ऐकू आली तर आधी खोका उघडा. आणि आपल्या माणसाचं मन जाणून घ्यायचं असेल तर ते माणूस समोर असताना त्यालाच विचारा. त्यासाठी नारळ लागत नाही. नत्थूभाऊंनी रुचिची पेटी मागे ठेवली, दार लावलं आणि गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली.