लांडग्याची सासू

शागदरने कानटोपी वर सरकवली, मान मागे टाकली आणि खांबाला टांगलेल्या मोबाइलकडे तोंड करून ओरडला, "ऐकतोय! बोल!"

अख्ख्या टेकडीवर रेंज यायची ती त्या खांबाच्या टोकाशी, वीतभर जागेत. म्हणून मोबाइल तिथेच एका थैलीत टांगलेला असायचा, आवाज मोठा करून. आमच्या खोऱ्यात खासगी बोलणं असं नव्हतंच. कुणाची सून रुसली, कुणाचा गुडघा सुजला, ते आधी मेंढ्यांना कळायचं आणि मग माणसांना.

"बाबा, हिवाळा बरा चाललाय ना?" वरून नाराचा आवाज आला.

"बरा."

उत्तर ठरलेलं. अर्धा कळप थिजून मेलेला असला तरी विचारणाऱ्याला 'बरा' म्हणायचं. वाईट गोष्ट तोंडातून निघाली की ती घर शोधत येते, असं आम्ही मानतो. आणि शागदरच्या या एकुलत्या एका मुलीने नोकरी पत्करली ती नेमकी वाईट आधी बोलण्याची. राजधानीत, उलानबातरला, हवामानाच्या कचेरीत बसून ती साऱ्या देशाचं वादळवारं मांडायची आणि संध्याकाळी सहाला ते रेडिओवर सांगितलं जायचं.

"बाबा, खिंडीवरचं आमचं यंत्र दोन दिवस गप्प आहे. बर्फाने थिजलं असणार. एवढ्या मोठ्या नकाशात नेमका तुमचाच कोपरा कोरा राहिलाय. सहा वाजता मी काय सांगू? तिकडे कसं आहे?"

शागदरने खाली पाहिलं. टेकडीच्या पायथ्याशी शेजारच्या दामदिनचे सात उंट लादून तयार होते. गेरच्या, म्हणजे आमच्या गोल तंबूघरांच्या काठ्या, त्यांवर घालायचे लोकरीचे नमदे, पेट्या, वर बांधलेली चूल. चार घरं आणि नऊशे मेंढ्या खिंडीपलीकडच्या कुरणाला निघाल्या होत्या, कारण अलीकडचं गवत संपलं होतं. दामदिनची बायको सेवजिद दुधाचा वाडगा घेऊन उभी होती. सगळे हलले की प्रवास सुखाचा व्हावा म्हणून त्यांच्या वाटेवर दूध शिंपडायचं आणि मग स्वतः मागून निघायचं. सहाचा रेडिओ लागेल तेव्हा ही माणसं खिंडीच्या अरुंद वाटेत असणार होती, आणि तिथे नऊशे मेंढ्या मागे वळत नाहीत.

शागदरने पहाटेपासून वादळाची सगळी चिन्हं पाहिली होती. पण निघत्या पावलाला अभद्र कसं बोलायचं? पुढे काही झालं तर त्याच्या तोंडामुळेच झालं, असं सात पिढ्या म्हणत राहतील. आणि बोलला तरी ऐकणार कोण? आपण हिमबिबट्याची मादी दुहून तिच्या दुधाचा चहा प्यायलो, हे याच माणसाने खोऱ्याला शपथेवर सांगितलं होतं. (साखर घातली नव्हती, एवढं मात्र खरं असावं.) त्यातून गेल्या वर्षी नाराने वादळ सांगितलं, दामदिन घरी थांबला, आणि बर्फ पडला तो वाडगाभर. तेव्हापासून दामदिनची जीभ थांबली नव्हती.

आत्ताही तो खालून ओरडला, "शागदरदादा, विचार तुझ्या पोरीला, आज कुठलं वादळ विकायला काढलंय!"

सगळे हसले. शागदरही हसला. मग घसा खाकरून वर बघत म्हणाला, "तसं बरंच आहे गं. पाहुण्यांचा तेवढा त्रास."

"कोण पाहुणे?"

"सकाळी लांडगा आला होता. दारात उभा राहून म्हणतो, दादा, मेंढवाड्यात एक कोपरा द्या. मेंढ्यांना हात लावीन तर तुमचा जोडा आणि माझं थोबाड."

खाली सेवजिद इतकी हसली की वाडग्यातलं दूध हिंदकळलं.

"कुठून आला?" नाराने विचारलं. ती हसली नव्हती.

"वायव्येकडून. खिंडीतून. बायको, पोरं, गाठोडी घेऊन. घामाघूम झालेला बिचारा, शेपटीने वारा घेत होता."

"इतकं उकडतंय?"

"काल माझी दाढी काचेसारखी वाजत होती. आज चहात ठिबकतेय."

"मग घर का सोडलं त्याने?"

"सासू येतेय म्हणे. उद्या पहाटे."

"कशी आहे सासू?"

"पांढऱ्या केसांची, कजाग. एकदा आली की दार उघडू देत नाही. मागच्या खेपेला तिने माझा उंट उचलून शेजारच्या खोऱ्यात नेऊन ठेवला होता."

"किती दिवस राहील?"

"तीन तरी."

मोबाइलमधून कागदावर पेन्सिल चालल्याची खरखर आली.

"आणि आपले उंट काय म्हणतात, बाबा?"

"त्यांना तरी कुठे आवडते? कालपासून खिंडीकडे पाठ करून बसलेत. सगळे."

"लिहून घेतलं," नारा म्हणाली. मग जरा हळू, "गेरच्या दोऱ्यांना दगड बांधा."

"तू जेवतेस ना नीट?"

"जेवते."

"खोटं बोलतेस."

"तुमच्यावरच गेलेय."

फोन बंद झाला. शागदर क्षणभर खांबाला टेकला. नाराला कळलं होतं. आता ती देशभर सांगेल आणि पूर्वेकडच्या खोऱ्यांतली माणसं वेळेवर मेंढ्या आत घेतील. पण ही चार घरं? त्याने टोपी डोक्यावर दाबली आणि टेकडी उतरायला लागला. अर्धी उतरला, अर्धी घसरला. पोटात दुखतंय म्हणून उंटांसमोर आडवं पडावं, की चुलीच्या पेटीवरच बसून राहावं, असं काहीबाही जुळवत होता. खालचं हसणं केव्हा थांबलं, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

पायथ्याशी पोचला तेव्हा पहिला उंट गुडघे टेकून बसला होता. दामदिन पेटीची दोरी सोडत होता. सेवजिद वाडग्यातलं दूध परत हंड्यात ओतत होती. शागदरकडे कुणीच पाहिलं नाही.

"काय झालं रे?" शागदरने धापा टाकत विचारलं.

"उंटाच्या पाठीला जखम झालीय," दामदिन गाठीकडे बघत म्हणाला. "अशा पाठीने चढ कसा चढवायचा? राहू तीन-चार दिवस."

शागदर वाकला. दोन मदारींच्या मध्ये हात घालून त्याने लोकर बाजूला केली, इकडून पाहिली, तिकडून पाहिली. कातडी नुकत्याच जन्मलेल्या शिंगरासारखी स्वच्छ होती. पलीकडे बाकीच्या सहा उंटांवरचं सामानही मुकाट्याने उतरवलं जात होतं. त्यांच्या पाठींचं कुणी काही बोलत नव्हतं.

तो सावकाश उभा राहिला.

"अरे बापरे," तो म्हणाला, "एवढी मोठी जखम मी जन्मात पाहिली नाही."

"नाहीतर काय," दामदिन म्हणाला, आणि पेटीची दुसरी बाजू त्याने शागदरच्या हातात दिली.