नदीकाठच्या पंपातला स्टीलचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे, पण वारा घालणारा नव्हे. रोह्याजवळच्या वरसे गावात नदीकाठी गुणाजीबाबांचा पंप आहे. त्याच्या पोटात मी फिरतो. मी फिरलो की नदीचं पाणी वर चढतं आणि भाताच्या खाचरांत जातं.

एका फाउंड्रीत वितळलेलं स्टील वाळूच्या साच्यात ओतून मला घडवलं. गुणाजीबाबांचा भाचा मिथुन धाटावच्या कंपनीत फिटर आहे. त्याने मला पेणच्या दुकानातून पिशवीत घालून आणलं.

गुणाजीबाबांच्या पत्नी शांतीबाई मला हातात घेऊन म्हणाल्या, "गो बाय, किती चकचकीत! ह्याला देव्हाऱ्यात ठेवू का पंपात?"

"पंपातच ठेव, मामी. देव्हाऱ्यात ठेवलास तर भात सुकंल," मिथुन म्हणाला.

माझ्या आधीचा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, पंखा तिथेच काढून ठेवला होता. वाळवी लागलेल्या लाकडासारखं त्याचं अंग झालं होतं. हे पाण्याने केलं होतं, यावर माझा विश्वास बसेना. पुढे माझ्यावरच वेळ आली तेव्हा कळलं.

पंपाला पुरेसं पाणी मिळालं नाही की पात्यापाशी दाब फार कमी होतो आणि थंड पाण्यातही वाफेचे बारीक बुडबुडे होतात. पुढे दाब वाढला की ते एकदम मिटतात. मिटताना पाण्याचा सुईसारखा घाव अंगावर बसतो. एका घावाने काही होत नाही. पण ते थांबतच नाहीत.

बिडाच्या अंगात काजळीसारख्या कार्बनच्या चकत्या असतात. घाव बसले की तिथून कपचे उडतात. माझ्या स्टीलमध्ये क्रोमियम आणि निकेल मिसळलेलं आहे. क्रोमियममुळे अंगावर न दिसणारा पापुद्रा धरतो आणि गंज लागत नाही. तो खरवडला गेला तरी पुन्हा धरतो. शिवाय घाव बसत गेले की माझी वरची कातडी आणखी कठीण होते. ज्या कोणी हे मिश्रण जुळवलं, त्याचे माझ्यावर मोठे उपकार आहेत.

नदीतलं शेवाळ आणि पाला आत येऊ नये म्हणून शांतीबाई पाणी ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाला जुन्या लुगड्याचा तुकडा बांधत. पंप सुरू करायच्या आधी तो रोज सोडायचा, पाण्यात खळबळून धुवायचा आणि पुन्हा बांधायचा, हा त्यांचा नेम. त्यामुळे माझे दिवस सुखात गेले.

दिवाळीनंतर त्या आजारी पडल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. कापड तसंच बांधलेलं राहिलं.

उन्हाळी भात पोटरीला आला. दाणा भरण्याआधीचे हे दिवस पाण्याचे. नेमका तेव्हाच पंपातून खडे फिरल्यासारखा आवाज येऊ लागला आणि खाचरात करंगळीएवढी धार पडू लागली. नदीतून खडे येताहेत असं समजून गुणाजीबाबांनी त्या कापडावर आणखी एक फडकं गुंडाळलं. आवाज वाढला. माझ्यावर घावांचा मारा सुरू झाला. जमिनीला भेगा पडू लागल्या.

शिफ्ट सुटल्यावर मिथुन आला. पंपाला कान लावून म्हणाला, "मामा, खडे नायत हे. पाणी पुरत नाय. ते कापड सोड."

"तुझ्या मामीनं बांधलंय ते."

"मामी रोज सोडायची ना! तू सोडलंस का एकदा तरी?"

"तिच्या हातची गाठ हाय, मिथुन. सोडली की सुटली."

मिथुनने खाचराकडे बोट दाखवलं. मग म्हणाला, "व्हय. आणि खाचरात बियाणं कुणाच्या हातचं हाय?"

ते बियाणं शांतीबाईंनी निवडून, वाळवून, कणगीत ठेवलेलं होतं. गुणाजीबाबांनी भाताकडे पाहिलं. मिथुन पाण्यात उतरू लागला तसं त्यांनी त्याला मागे ओढलं. "थांब. मी सोडतो."

वरचं फडकं लगेच निघालं, पण खालची गाठ भिजून घट्ट झाली होती. त्यांना बराच वेळ लागला. कापड निघालं ते शेवाळाने लिंपलेलं होतं. मिथुनने पाइपच्या तोंडाभोवती मोठ्या भोकांचं प्लास्टिकचं क्रेट अडकवलं. मग पंप उघडून माझ्यावरून बोट फिरवलं.

"बीड असतं तर भोकं पडली असती, मामा. ह्याला नुसते वण पडलेत. चालंल अजून."

पंप पुन्हा जोडून त्याने बटण दाबलं. खड्यांसारखा आवाज थांबला, आणि पाणी पाइपच्या तोंडभर खाचरात पडलं. त्या वर्षी भात झाला. पुढच्या पेरणीचं बियाणं गुणाजीबाबांनी स्वतः निवडलं.

मित्रांनो, चांगलं स्टील मार सोसतं, पण मार थांबवणं त्याच्या हाती नाही. ते माणसाचं काम. माझ्यासाठी ते झालं, म्हणून मी ऋणी आहे. तुमच्या घरचं यंत्र वेगळा आवाज करू लागलं तर लगेच बंद करा आणि जाणत्याला दाखवा. आम्हाला निदान ओरडता येतं. माणसं दुखावली की बहुतेक वेळा गप्प होतात. त्यांच्याकडे मात्र आवाजाची वाट न बघता जा.