पलीकडच्यांचं नाव

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. एका कारखान्यात, लांबलचक टेबलापाशी माझा जन्म झाला. माझे स्क्रू पिळणाऱ्या बायका भरपूर गप्पा मारत. तेव्हा माझ्यात कॅसेट नव्हती, त्यामुळे त्या गप्पा हवेतच विरल्या.

मला भाषेच्या एका प्राध्यापकांनी विकत घेतलं. किनाऱ्यासमोरच्या एका बेटाचं नाव कुठून आलं, हा सरांचा ध्यास होता. शाळेच्या पुस्तकात ते एका राणीवरून पडलं, असं होतं. पण त्या राणीच्याही आधीच्या शिलालेखात ते नाव होतं, थोड्या लांब रूपात. त्या रूपाचा अर्थ कुणालाच लागत नव्हता.

सर मला घेऊन बेटावर जात. कॅसेट बदलायला त्यांची मुलगी सोबत असे. सुरुवातीला ते सरळच विचारत, नाव कशावरून पडलं? एक म्हातारी नावाडीण म्हणाली, "का रे मास्तर, मागल्या खेपेला राणी दिली होती ना? आज राजा घे. उद्या आलास तर घोडा देते!"

त्या दिवसापासून सरांनी नावाची चौकशी सोडली. वारा, वल्ही, लग्नकार्य, एवढंच विचारू लागले. मग लक्षात आलं, की बेटावरची माणसं बेटाचं नाव घेतच नाहीत. ती नुसतं 'घरी' म्हणतात.

नावाडीण लग्न होऊन समोरच्या किनाऱ्यावरून आलेली. सासरी निघतानाचं आईचं वाक्य तिने माहेरच्या बोलीत म्हणून दाखवलं. ती बोली आता दुसरं कुणी बोलत नव्हतं. वाक्याचा अर्थ होता, "पलीकडच्यांत दिली गं तुला." त्यातला 'पलीकडचे' या अर्थाचा बोलीतला शब्द म्हणजे शिलालेखातलं नाव, जसंच्या तसं. बेटाला नाव दिलं होतं ते समोरच्या किनाऱ्यावरच्यांनी.

पुढे नावाडीण गेली. लेख अर्धा असताना सरही गेले. मुलीने मला कपाटात ठेवलं. आतल्या कॅसेटमध्ये वडिलांचाही आवाज होता, तो ऐकायचा तिला धीर होईना. माझा रबरी पट्टा कडक झाला.

परवा तिने मला दुरुस्तीवाल्याकडे नेलं. पट्टा बदलून तो म्हणाला, "ताई, कॅसेट लावली तर फीत तुटेलही. नाही लावली तर चिकटून वाया जाणार, हे नक्की."

"दुसरी प्रत नाही हो."

"मग एका दमात उतरवून घेऊ. बटण तुम्हीच दाबा."

तिने दाबलं. नावाडिणीचं वाक्य पूर्ण आलं. मागोमाग सर म्हणाले, "आजी, पुन्हा एकदा..." आणि फीत तुटली.

"जोडता येईल," दुरुस्तीवाला म्हणाला. "पण मधला एखादा शब्द जाईल."

"जाऊ दे. पुढचं ऐकू."

मित्रांनो, आवाज कपाटात ठेवून जपला जात नाही. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी असेल, तर त्याला अधूनमधून चालवत जा. घरातल्या मोठ्यांनाही बोलतं करा. मोठे प्रश्न नकोत. आजी सासरी कशा आल्या, एवढं विचारलंत तरी चालेल.